पहाटे, पिंजऱ्यापाशी

दार पडल्याचा आवाज रात्री अडीचच्या सुमारास आला, असं पलीकडच्या वस्तीवरचे सांगतात. आता साडेपाच झालेत आणि मळ्यात शे-दीडशे माणूस गोळा झालंय. जुन्नर तालुक्यातलं, पुष्पावतीच्या काठचं हे गाव. गावाचं नाव लिहीत नाही. ज्याच्याविषयी लिहितोय, त्याला ते नको आहे.

फडाच्या कडेला पिंजरा आहे. निम्मा ऊस तुटलाय, निम्मा उभा आहे, आणि उभ्या उसाच्या तुऱ्यांवर धुकं बसलंय. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात आमिषाची शेळी आहे. जाळीपलीकडे हातभर अंतरावर बिबट्या, आणि शेळी जिवंत. पाय दुमडून बसलीय, ओरडत नाही. बिबट्यानं गजांवर तोंड आपटून नाकाची कातडी सोलून घेतलीय. कुणी पुढं सरकलं की आतून जो आवाज येतो तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. मग सगळे दोन पावलं मागं आणि परत एक पाऊल पुढं.

"ते लाइट बंद करा रे आधी," वनरक्षक ताई ओरडते. वय पंचविशीच्या आसपास, खाकीवर स्वेटर. तिच्या जोडीला शीघ्र कृती दलातली तीन पोरं, याच भागातली. मोबाइलचे दिवे विझतात आणि लगेच दुसरीकडे पेटतात. ती ताडपत्री घेऊन पिंजरा झाकायला जाते तर दोघं-तिघं ताडपत्रीच धरून ठेवतात.

"झाकायचं न्हाई. आन् गाडीत बी घालायचं न्हाई. हितंच काय ते करा."

इकडं बिबट्याला वाघच म्हणतात. चार दिवसांत या वाघानं दोन शेळ्या आणि एक कालवड नेली, म्हणून पिंजरा लावला. पण माणसं जमलीत ती शेळ्यांसाठी नाही. चार वर्षांपूर्वी याच मळ्यातून, घराच्या ओट्यापासून वीस पावलांवरून, दिवेलागणीला सात वर्षांची मुलगी उचलून नेली होती. तो वाघ सापडला नाही. दोन महिने पिंजरे लागले, मग उचलले. गाव तेव्हापासून त्या वाघाची वाट बघतंय. आज पिंजऱ्यात आहे तो तोच, हे गावानं ठरवून टाकलंय.

मुलीचा बाप विहिरीच्या कठड्यापाशी उभा आहे. हातात कुऱ्हाड. घरातून उठून सरळ आलाय, पायात चप्पल नाही. कुणी त्याच्याशी बोलत नाही, पण बोलणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून बोलतोय.

"ताई, आम्ही मारला तर किती वर्षं?" एक पोरगा विचारतो. त्याच्या हातात पेट्रोलची बाटली आहे आणि ती लपवण्याची त्याला गरज वाटत नाही.

"तीन ते सात. दंड वेगळा."

"आन् यानं आमचं माणूस मारलं तर?"

ती गप्प राहते. मागून एक म्हातारा सांगतो, "पंचवीस लाख."

कुणी हसत नाही. ती राज्य सरकारची मदतीची रक्कम आहे, काही लगेच मिळते, बाकीची ठेव म्हणून बँकेत राहते. म्हाताऱ्यानं ती रागानं सांगितली नाही. सोसायटीचं कर्ज किती, ऊस किती टन, तसं सांगितलं. मला ते रागापेक्षा जड वाटतं.

ताईनं सांगितलेली शिक्षा खरी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या अनुसूची १ मध्ये येतो. कलम ९ शिकार मना करतं, आणि शिकार म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, मेलेल्या जनावरात औषध कालवून ठेवणं, तारेत करंट सोडणं, आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात मोडतं. कलम ५१ प्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजारांचा दंड. या पट्ट्यातल्या गावांना हे कायदा न वाचताही माहीत आहे.

पण त्याच कायद्यातलं दुसरं कलम गावागावांत कमी माहीत आहे. कलम ११, पोटकलम २. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्भावनेनं वन्यप्राणी मारला किंवा जखमी केला, तर तो गुन्हाच नाही. मग प्राणी अनुसूची १ मधला असो की आणखी कुठला. अट एवढीच, की मारणारा त्या वेळी याच कायद्याखालचा दुसरा गुन्हा करत नसावा. मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता होतो, नख-कातडं घरात ठेवता येत नाही. चार वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी या बापाच्या हातात कुऱ्हाड असती, आणि त्यानं मुलीच्या अंगावरच्या वाघावर ती घातली असती, तर कायद्यानं त्याच्याकडे बोटही दाखवलं नसतं. तो तेव्हा ओतूरला कांद्याची पट्टी घ्यायला गेला होता.

"मग आता का न्हाई?" पेट्रोलवाला पोरगा ऐकत असतो. मी त्याच्याशी बोलतोय, पण ऐकणारे दहा जण आहेत. "वाघ तोच, माणूस तोच, पोर त्याचीच."

उत्तर मी द्यायच्या आधी ताई देते. ताडपत्रीचं टोक अजून तिच्या हातात आहे.

"पिंजऱ्यातला कुणाच्या अंगावर येतोय?"

माझ्या मते सगळा कायदा या एका वाक्यात येतो, वाघाचा आणि माणसाचाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून ४४ पर्यंत खाजगी बचावाचा हक्क दिलाय. अंगावर धावून येणाऱ्याला रोखताना, जिवाची खरी भीती असेल तर, तो मेला तरी चालेल इथपर्यंत हा हक्क जातो. पण धोका जोवर आहे तोवरच तो टिकतो. आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ होता, अशी स्थिती असेल तर तो मुळात मिळतच नाही. आधीच्या दंड संहितेतही, १८६० पासून, हेच होतं. बांधावरच्या भांडणात समोरच्यानं कोयता उगारला आणि तुम्ही काठी घातली, तर तो बचाव. तो मागं वळून घराकडे निघाला आणि तुम्ही पाठीत घातली, तर तो गुन्हा. दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन त्याच्या वस्तीवर गेलात तर कटही. जुन्नर-आंबेगावच्या भावकीत बांधावरून जेवढी डोकी फुटतात त्यातल्या निम्म्या लोकांना हा फरक कोर्टात उभं राहिल्यावर कळतो, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत शिकवावा इतका तो साधा आहे.

सूड असा शब्द कायद्यात नाही. सुडाच्या सगळ्यात जवळ जाणारी सवलत म्हणजे गंभीर आणि अचानक प्रक्षोभ. तिच्यानंही माणूस सुटत नाही, फक्त खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. तिच्यात 'अचानक' हा शब्द घट्ट बसवलाय. मुंबईतल्या नानावटी खटल्यात नेमकं तेच तपासलं गेलं. २७ एप्रिल १९५९ ला पत्नीनं प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नौदलातल्या कमांडर नानावटींनी तिला नि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजाच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. ज्यूरीनं निर्दोष म्हटलं, लोक त्यांच्या बाजूला होते. पण १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मधल्या वेळावर बोट ठेवलं. तीन तास. तेवढ्यात डोकं थंड व्हायला अवकाश होता, म्हणून तो खूनच.

तिथं तीन तास, इथं चार वर्षं. विहिरीपाशी उभ्या असलेल्या माणसाचं डोकं थंड झालंय असं मला त्याच्याकडे बघून वाटत नाही. मुलीचं दप्तर अजून खुंटीला आहे, हे मी मघाशी घरात चहा घेताना बघितलं. कायद्याची चार वर्षं आणि बापाची चार वर्षं सारखी नसतात. तरी मी कायद्याच्या बाजूनं आहे, आणि का ते इथं उभं राहूनच सांगायला हवं.

फटफटतंय. बाया बांधावर येऊन उभ्या राहिल्यात, पदर तोंडाला. उसतोडीची टोळी कोयते घेऊन आलीय, पण फडात उतरत नाही. मुकादम फोनवर कारखान्याच्या माणसाला सांगतोय की आज खेप नाही. गर्दीत एक निवृत्त गुरुजी आहेत. ते मला बाजूला घेतात.

"नागपूरचं आठवतं का तुम्हाला? अक्कू यादव."

आठवतं. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगरच्या वस्तीला वर्षानुवर्षं छळणारा गुंड, बलात्काराच्या कितीतरी तक्रारी. त्या दिवशी जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच जमावानं त्याला ठार केलं, त्यात वस्तीतल्या बाया पुढं होत्या. पुढं दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले.

"त्या बाया पोलिसांकडे गेल्या नव्हत्या का?" गुरुजी विचारतात. "परत परत गेल्या होत्या. मग कुणाला दोष द्यायचा?"

मी म्हणतो, सुटल्या त्या पुरावा नव्हता म्हणून. कोर्टानं सुडाला हक्क म्हटलेलं नाही. गुरुजी मान हलवतात. त्यांना ते ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मला मान्य आहे. हात उगारू नको, माझ्याकडे ये, असं ज्याला सांगितलं, तो आल्यावर दार उघडायची जबाबदारी सांगणाऱ्याची. तिथं वर्षानुवर्षं कुलूप दिसलं तर माणसं पेट्रोल घेऊन येतात.

पिंपरखेडला हेच झालं. ते गाव शिरूर तालुक्यातलं, पण वनविभाग जुन्नरचाच. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके या विभागात येतात. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथं पाच वर्षांची मुलगी गेली, मग शेजारच्या जांबुतला एक वृद्धा, आणि २ नोव्हेंबरला तेरा वर्षांचा मुलगा. तीन आठवड्यांत तीन. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली. दुसऱ्या दिवशी आंबेगावात मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग कितीतरी तास अडवून धरला. मग आदेश निघाला, नेमबाज आले, आणि एक नर बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्यानंतर तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. असे पट्टे आपण आजवर राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात बघितले होते.

तो आदेशही सूड नव्हता, हे लोकांना कुणी नीट सांगितलं नाही. कलम ११ च्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकालाच तो अधिकार आहे. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय, त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही, अशी खात्री झाली आणि कारणं लेखी नोंदवली, तरच. आधी काय केलं याची ती शिक्षा नाही, पुढं काय करील याचा बंदोबस्त आहे. वाघावर खटला चालत नाही. त्याला आरोपपत्र नाही, वकील नाही, कारण त्याला गुन्हा म्हणजे काय हेच ठाऊक नाही. वाकून घास कापणारी बाई आणि अंगणात बसलेलं पोर त्याला उंचीनं जनावराएवढं दिसतं.

हा वाघ उसात आला कसा? माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज, डिंभे ही धरणं झाली. कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले. उसात आडोसा आणि पाणी, वस्तीवर कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याच्या माद्या फडातच विताहेत, तोडीच्या वेळी पिल्लं सापडतात. कितीतरी पिढ्या अशा गेल्या की ज्यांनी भीमाशंकरचं जंगल बघितलेलं नाही. २००१ पासून इथले बिबटे पकडून दूर जंगलात सोडायचा सपाटा लागला होता. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांनी त्या काळाचा अभ्यास केला. बिबटे हलवायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढल्याचं त्यांना दिसलं. सोडलेले प्राणी परक्या मुलखात भरकटले, आणि जिथं सोडले तिथली माणसं त्यांच्या तोंडी गेली. एका गावानं आपला धोका असा उचलून दुसऱ्या गावाच्या उंबऱ्यावर ठेवला होता.

साडेसहा. गाडी अजून आळेफाट्यावर आहे म्हणतात. पेट्रोलवाला पोरगा बाटलीचं बूच काढतो. वास सगळ्यांना येतो. ताई पिंजरा आणि गर्दी यांच्यामध्ये येऊन उभी राहते. तिच्या हातात काठीसुद्धा नाही. आणि तेव्हा विहिरीपासून तो माणूस निघतो.

गर्दी वाट देते. कुऱ्हाड खाली लोंबतेय, पातं चिखलातून ओढलं जातंय. तो ताईसमोर थांबतो. दोघांमध्ये हातभर अंतर.

"बघू दे."

"दादा, कुऱ्हाड ठेवा आधी."

तो ठेवत नाही. पण पुढंही येत नाही. तिच्या खांद्यावरून आत बघतो. आतला आवाज वाढतो. तो हलत नाही.

"नर का मादी?"

"मादी."

"वय?"

"डॉक्टर दात बघून नक्की सांगतील. पण अंगानं लहान आहे. तीनच्या पुढं नसावी."

तो उभाच राहतो. ओठ हलतात, मोजतोय. मग हळू, जवळच्यालाच ऐकू जाईल असं म्हणतो, "म्हंजी तवा ही जल्मलीच नव्हती."

"हिच्या आयनं खाल्ली आसंल!" मागून कुणीतरी ओरडतं.

तो मागं बघत नाही. "मपल्या पोरीला खाल्ली ती ही न्हाई," एवढंच परत म्हणतो, आणि बाटलीवाल्या पोराच्या हातातून बाटली घेतो. बूच लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागतो, इतका हात थरथरतोय.

मी कायद्याच्या बाजूनं का, त्याचं कारण हे आहे. सुडाला गुन्हेगार लागतो, पण तो तोच आहे का हे तपासायला सूड थांबत नाही. खात्याचा माणूस पाऊलखुणा मोजतो, कॅमेऱ्यातले ठिपके जुळवतो, जखमेवरची लाळ प्रयोगशाळेत पाठवतो. त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस घरच्यांना असह्य होतात. आज ताईनं वय सांगितलं आणि बापानं मोजलं. अंधार अर्धा तास जास्त टिकला असता, ती पंचवीस वर्षांची मुलगी मध्ये उभी राहिली नसती, तर या मळ्यात भलताच जीव जळाला असता आणि पाच-सात पोरं तीन ते सात वर्षांसाठी गेली असती. माणसाच्या बाबतीत तर विचारच नको.

बांधावर एक आदिवासी म्हातारी बसलीय, पश्चिमेकडून कांदालागणीला आलेली. तिच्या गावाला वेशीवर शेंदूर लावलेला वाघोबा आहे, दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. मी विचारतो, पोर नेलं तरी दाखवता? ती म्हणते, "दावायचाच. पर त्याला सांगायचं बी, की हद्दीत ऱ्हा." मग थोडं थांबून, "आन् पोरास्नी दिवेलागणीला घरात घ्यायचं."

सव्वासातला गाडी येते. डॉक्टर दुरून बघतात, ताडपत्री घातली जाते. बारा जण पिंजरा उचलतात, त्यात तो पोरगाही आहे. माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेणार. पुढं काय ते वरून कळेल. लोक ताईला वेढतात. ऊस तोडल्यावर दुसरा वाघ येईल, त्याचं काय? पिंजरा आजच परत लावणार का? रस्त्याला दिवे? शेतीची वीज दिवसा कधी? ती सगळं वहीत लिहून घेते. शेवटच्या दोन गोष्टी तिच्या खात्याच्या नाहीत, हे ती सांगत नाही. माझी विनंती आहे, की ज्यांच्या खात्याच्या आहेत त्यांनी एकदा पहाटे अशा पिंजऱ्यापाशी येऊन उभं राहावं.

आठला पंचनामा होतो. पंच म्हणून दोन सह्या लागतात. पोलीस पाटील एक करतात. दुसरा कोण, असं विचारल्यावर मुलीचा बाप पुढं येतो, कुऱ्हाड बांधावर ठेवतो आणि सही करतो. चार वर्षांपूर्वीच्या पंचनाम्यावर मुलीचं नातं लिहून त्यानं सही केली होती, ते पाटील मला मागाहून सांगतात.

या आठवड्यात गावाला थ्री-फेज रात्री दहाला येते, पहाटे सहाला जाते. आज रात्री त्याच्या कांद्याला पाण्याची पाळी आहे. विहीर उसाच्या पलीकडे आहे.